साउंडकार्डातला मोडेम

डायल-अपच्या काळातली मोडेमची किरकिर आठवते? नाशिकमधल्या तुमच्या घरातला साधा संगणकही तसं बोलू शकतो. वेगळं यंत्र नको. साउंडकार्ड आणि ‘मिनीमोडेम’ हा लिनक्सवरचा मुक्त प्रोग्राम पुरे.

हा प्रोग्राम बिटांचे सूर करतो: एकासाठी १२०० हर्ट्‌झचा सूर, शून्यासाठी २२०० चा. वेग सेकंदाला १२०० बिट. ‘नाशिक’ हा शब्द युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात १५ बाइटांचा. प्रत्येक बाइटला पुढे-मागे एकेक खुणेचा बिट, म्हणजे दीडशे बिट. सेकंदाच्या आठव्या भागात अख्खं नाशिक पोचतं! मला याचं फार अप्रूप वाटतं.

चाचणी आधी स्पीकरचं आउटपुट माइकच्या इनपुटला वायरीने जोडून करा, आवाज बेताचा ठेवून. मग वायर काढून स्पीकरसमोर माइक धरा. भिंतींचा प्रतिध्वनी, पंख्याची घरघर यांनी अक्षरं बिघडली, तर वेग ३०० वर आणा. प्रत्येक बिट चौपट वेळ ऐकू येतो.