टाउनलीची खोली आणि घारापुरीचा दगड

वाशीहून, नेहमीच्याच टेबलावरून आजचा भाग. आज एकच चित्र वाचायचंय. शक्य असेल तर मोबाइलवर उघडून ठेवा: योहान झोफनी या चित्रकाराने काढलेलं, चार्ल्स टाउनली आणि त्याच्या मित्रांचं चित्र. काळ १७८१ ते १७८३, जागा लंडन. मूळ चित्र आज इंग्लंडमधल्या बर्नली गावात, टाउनली घराण्याच्याच जुन्या वाड्यात आहे.

आधी नुसतं बघू. पुस्तकांनी भरलेली खोली आणि जिकडे नजर जाईल तिकडे संगमरवरी पुतळे. उजवीकडे खुर्चीत बसलाय तो टाउनली. श्रीमंत जमीनदार, धर्माने कॅथलिक, पायाशी त्याचा कुत्रा. टेबलापाशी बसलाय तो दांकारव्हिल नावाचा फ्रेंच पंडित. मागे आणखी दोन मित्र उभे आहेत. टेबलावर एका स्त्रीचा अर्धपुतळा आहे, त्याला क्लायटी म्हणतात. हा टाउनलीचा सगळ्यात लाडका. १७८० साली लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध दंगल झाली, तेव्हा हा पुतळा उचलून तो घराबाहेर पडला, अशी आख्यायिका आहे.

मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी बीटेक आहे, त्यामुळे माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की एवढ्या दगडांचा भार या खोलीची जमीन पेलणार कशी? तर उत्तर सोपं आहे. ही खोली अशी कधी नव्हतीच. पुतळे घरभर मांडलेले होते. १७९४च्या सुमाराची दोन जलरंगातली चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकात घराचं प्रवेशदालन दिसतं, दुसऱ्यात जेवणाची खोली, आणि दोन्हीकडे पुतळे आहेत. झोफनीने घरभरचे निवडक पुतळे उचलले आणि एका खोलीत आणून ठेवले. म्हणजे ही घरातल्या सामानाची यादी म्हणून वाचायचीच नाही. हा टाउनलीचा प्रोफाइल फोटो आहे. मी कोण, माझी संगत कुठली, माझी आवड कुठली, हे सांगणारा.

आता डावीकडे पुढे बघा. थाळी फेकायच्या पवित्र्यात वाकलेला तरुण आहे. गंमत म्हणजे चित्र पूर्ण झालं १७८३ला आणि हा पुतळा जमिनीतून निघाला १७९१ला, रोमजवळ टिवोलीला! टाउनलीने तो विकत घेतला आणि मग जुन्याच चित्रात रंगवून घातला. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज झालेल्या व्हर्जनला पॅच मारला. यातून कळतं काय, तर चित्र अपडेट करता येत होतं आणि केलंही गेलं. मग काय घातलं आणि काय नाही, हे विचारायला हवं ना?

इथे आपला किनारा येतो. १७८४च्या सुमारास 'कम्बरलँड' जहाजाच्या कप्तानाने एक कोरीव दगड इंग्लंडला नेला. तो घारापुरीच्या लेण्यातला, असं तेव्हा सांगितलं गेलं. ते मैथुनशिल्पाचा तुटलेला भाग होतं. ते टाउनलीकडे आलं आणि १७८६ साली त्याचा मित्र रिचर्ड पेन नाइट याने आपल्या पुस्तकात त्याचं चित्रही छापलं. घारापुरी म्हणजे उरण तालुका. वाशीची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथून फार लांब नाही.

आता बघा. थाळीवाला चित्रात आला, घारापुरीचा दगड आला नाही. का?

'ते गोरे, त्यांना आपली किंमत नव्हती' असं म्हणून मोकळं होता येईल. पण ते पुरत नाही. टेबलाशी बसलेला दांकारव्हिल तर ग्रीक आणि भारतीय प्रतिमांचं मूळ एकच असावं, असं मांडत होता. त्या खोलीत भारताबद्दल बोलणं चालू होतं. आणि झोफनी? तो १७८३ साली भारतात आला, १७८९पर्यंत राहिला. लखनौला त्याने कर्नल पोलिए या दुसऱ्या संग्राहकाचं घर रंगवलं. ते चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. त्यात भिंतीवर चित्रं आहेत, हातात कागद घेतलेले साहेब आहेत, आणि आपली माणसंही आहेत. चित्रकाराला भारत अनोळखी नव्हता.

माझं वाचन असं आहे. घारापुरीचा दगड अभ्यासाचा विषय होता, खाजगीत दाखवायचा, मित्रांत चर्चा करायचा. थाळीवाला मिरवायचा होता. संग्रहात जागा मिळणं वेगळं, चित्रात जागा मिळणं वेगळं. अर्थात, एक दगड नाही यावरून सगळं सिद्ध होत नाही. टाउनलीकडची इतरही बरीच चीजवस्तू चित्रात नाही. पण जे नंतर आवर्जून घातलं गेलं, त्यावरून त्याचा कल नक्की दिसतो.

१८०५ला टाउनली गेला आणि ब्रिटिश म्युझियमने त्याचे संगमरवरी पुतळे २० हजार पौंडांना घेतले. घारापुरीचा म्हणवला जाणारा तो दगडही आज तिथेच आहे. थाळीवाल्याचं डोकं दुरुस्ती करताना चुकीच्या दिशेला बसवलंय, तरी तो जगप्रसिद्ध. हा दगड मात्र आपल्यातल्या कितीजणांनी ऐकलाय?

आता उलट बाजू. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटांनी जमवलेली युरोपियन चित्रं आहेत. मुंबईच्या माणसाने युरोप जमवला, त्याचीही खोली वाचता येते. पुढच्या वेळी गेलात तर तीन प्रश्न घेऊन जा. यातलं पुढे काय ठेवलंय? नंतर काय आलंय? आणि मालकाकडे असूनही इथे काय नाही?

तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो. पण घारापुरीला गेलात आणि तुटलेल्या मूर्तींसमोर उभे राहिलात, की तो आपोआप सुचतो. तुम्हाला चित्रात आणखी काही दिसलं तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.