बोंडू, बरणी आणि बाटली



एप्रिलच्या अखेरीस मुंबईहून माझा भाचा आला. पिशवी ओट्यावर टाकली आणि तडक परड्यात गेला. काजूखाली लालपिवळ्या बोंडूंचा सडा पडला होता, त्यावर माश्या घोंघावत होत्या. तिथूनच ओरडला, “मावशी, एवढे बोंडू कुजतायत! घरीच फेणी काढूया की!”

मी म्हटलं, “आधी हातपाय धू. फेणीचं मग बघू.”

विषय तिथे मिटला, पण रात्री खळ्यात बसल्यावर माझ्या मनातून काही जाईना. पोरगा चुकीचं काय बोलला होता? आमच्या वैभववाडीत काजूच्या बीला भाव आहे, बोंडूला नाही. बी पिरगळून काढायची आणि बोंडू झाडाखालीच टाकायचा. आता बोंडूचं वजन बीच्या साधारण आठ-दहा पट असतं. म्हणजे मणभर बी घरात आली, की आठ-दहा मण फळ मातीत गेलं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने, जे १९५७ साली सुरू झालं, काजूच्या चांगल्या जाती दिल्या. ‘वेंगुर्ला चार’, ‘वेंगुर्ला सात’ यांची कलमं डोंगरउतारावर उभी राहिली, बी टपोरी झाली. बोंडूचं नशीब मात्र होतं तिथेच राहिलं.

हाच बोंडू बांदा ओलांडून पत्रादेवीच्या पलीकडे गेला, की त्याचा थाट बदलतो. गोव्यात तो गोळा होतो, तुडवला जातो. रस मडक्यात किंवा पिंपात दोन-तीन दिवस आंबतो आणि भट्टीवर चढतो. पहिल्या धारेचा तो हुर्राक, थोडा सौम्य. तो पुन्हा भट्टीवर चढवला, की फेणी. नावातच फेण आहे, फेस. २००९ साली गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. झाड तेच, माती थोड्याफार फरकाने तीच. मधे फक्त एक नाका.

तो नाका मात्र साधा नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू गाळणं हा त्यात गुन्हा आहे, मग ती विकायला असो की घरच्या पाहुण्याला. २०२२ साली राज्य सरकारने काजूबोंडं आणि मोहफुलं यांच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून ‘विदेशी मद्या’च्या वर्गात घालायचं ठरवलं. मला हसू आलं. परड्यातला बोंडू कागदावर विदेशी! मग आठवलं, काजू तसा विदेशीच. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. कागद चुकला नव्हता, फक्त चारशेहून जास्त वर्षं उशिरा आला होता. पण हा निर्णयही परवाना घेऊन कारखाना काढणाऱ्यासाठी आहे, माझ्या परड्यातल्या चुलीसाठी नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला, तरी गाळणं हे घरचं काम नाही. मद्याची वाफ पेट घेते आणि खाली चूल धगधगत असते. शिवाय चोरून गाळलेल्या, चोरून विकलेल्या दारूत काय आहे, ते डोळ्याला दिसत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. ते दिसायला पाण्यासारखं, पण शरीरात गेलं की त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. आधी नजर जाते, मग माणूस. वस्तीचं नाव आपल्या बोलीचं, म्हणून ती बातमी मला जरा जास्तच लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “गाळायचं नको. पण विकतच्या बाटलीत फळं घालून ठेवतात ना लोक? इटलीत लिंबाची सालं घालतात, जर्मनीत उन्हाळाभर फळं रममध्ये टाकत जातात आणि नाताळला काढतात.”

हे मात्र वेगळं. गाळणं वेगळं आणि मुरवणं वेगळं. गाळताना आपण नवी दारू तयार करतो, मुरवताना फळाचा रंग, वास आणि आंबटपणा दुसऱ्या कशात तरी उतरवतो. जपानमध्ये हा फरक चक्क कायद्यात लिहिलेला आहे. तिथे जूनमध्ये उमे नावाची आंबट, हिरवी फळं येतात. आपल्या आलुबुखाराच्या नात्यातली. घरोघरी ती खडीसाखरेबरोबर दारूत घालून महिनोन्‌महिने ठेवतात. १९६२ पासून तिथे याला घरच्या वापरापुरती मुभा आहे. पण अट अशी, की मूळ दारूत मद्यार्क निदान वीस टक्के हवा, आणि द्राक्षं घालायची नाहीत. का? फळावर यीस्ट असतं आणि साखर मिळाली की ते कामाला लागतं. वीस टक्क्यांत ते जगत नाही. म्हणजे नवी दारू बनत नाही, फळ नुसतं मुरतं. खडीसाखर का, तर ती हळू विरघळते. आधी मद्यार्क फळात शिरतो, मग साखर वाढत गेली की फळातला रस बाहेर ओढला जातो. घाई केली आणि पिठीसाखर घातली, तर फळ नुसतं सुरकुततं.

आणखी एक गंमत सांगते. जपानी भाषेत उमेच्या दिवसांतल्या पावसाचं नाव ज्या अक्षरांनी लिहितात, त्यांचा अर्थ ‘उमेचा पाऊस’. फळ पिकतं तेव्हाच पाऊस येतो, म्हणून. हे वाचलं आणि मला आमचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आठवले. एप्रिल-मेमध्ये ते लाल व्हायला लागतात आणि निम्मे झाडावर असतानाच करूळ घाटावर ढग उतरतात. मग सगळ्या घराची धावपळ. पाऊस पडला की आमसुलं वाळत नाहीत, बुरशी येते. रातांब्याच्या घरात मे महिना म्हणजे आभाळाशी शर्यत.

आणि या शर्यतीतच आपल्या बायकांनी मुरवण्याचं शास्त्र बसवलं. त्यांनी दोन माध्यमं निवडली. एक मीठ. रातांब्याच्या सालीला मीठ लावून ठेवलं, की पाणी सुटतं, ते आगळ. इतक्या मिठात जंतू तग धरत नाहीत, म्हणून आगळ वर्षभर टिकतं आणि सोलकढीला रंग देतं. दुसरी साखर. रातांबे अर्धे कापायचे, बिया काढायच्या, वाट्यांत साखर भरायची आणि काचेच्या बरणीत थरावर थर लावून ती उन्हात ठेवायची. एक किलो साली असतील तर दोन किलो साखर. रोज बरणी हलवायची. आठवड्याभरात साखर विरघळून गर्द लाल पाक होतो. हे अमृत कोकम.

इथे मीठ काय करतं, साखर काय करते? जे जपानी बरणीत मद्यार्क आणि साखर मिळून करतात, तेच. सालीतून रस ओढून घेतात आणि कुजवणाऱ्याला दारात उभं करत नाहीत. फरक एवढाच, की मद्यार्क सालीतलं तेलही ओढतो, म्हणून लिंबाच्या सालीचा वास त्यात जसा उतरतो तसा पाण्यात उतरत नाही. रातांब्याचा रंग आणि आंबटपणा मात्र पाण्यात सहज सुटणारा आहे. त्याला बाटलीची गरजच नाही. माझ्या सासूबाईंना हे शब्द ठाऊक नव्हते, पण एक नियम त्या कधी मोडू देत नसत. फळ रसाच्या वर तरंगता कामा नये. वर आलेल्या तुकड्याला आधी बुरशी येते. जगातल्या कुठल्याही मुरवणाऱ्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल.

मग बोंडूचं काय? त्याची अडचण वेगळी. तो पडला की दुसऱ्या दिवशी आंबायला लागतो, लांब नेता येत नाही. आणि रस प्यायला तर घशाला खवखव सुटते. ती टॅनिनमुळे. या खवखवीवर उपाय आपल्या चुलीवरच आहे, आणि तो म्हणजे पेज. ताजे, डाग नसलेले बोंडू धुऊन, पिळून रस काढा. भाताची पातळ पेज गार करून त्यात घाला, ढवळा आणि ठेवून द्या. टॅनिन पेजेला धरून खाली बसतं. वरचा निवळ रस अलगद ओतून घ्या, गाळा, साखर आणि थोडा लिंबाचा रस घालून उकळा. झालं सरबत. साबुदाण्याच्या खळीनेही हेच होतं. बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असतं. उकळल्यावर त्यातलं थोडं जातं, पण मातीत सगळंच जात होतं.

भाच्याला घेऊन मी हे केलं. पहिल्या खेपेला पेज गरमच ओतली. रस गढूळ झाला तो झालाच, बसेचना. दुसऱ्या खेपेला जमलं. चार बाटल्या निघाल्या, फिकट सोनेरी. त्याने एकीवर कागद चिकटवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘फेणी नव्हे’. मग खाली तारीख.

तीन बाटल्या तो मुंबईला घेऊन गेला. वैभववाडी रोडच्या फलाटावर गाडीत चढताना म्हणाला, “मावशी, पुढच्या वर्षी बोंडू टाकू नको हां, मी येईपर्यंत.” मी म्हटलं, “अरे, बोंडू कुणासाठी थांबत नाही. थांबते ती बरणी. तूच लवकर ये.”