राहून गेलेलं गाणं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात 'आठवणीतली गाणी' या विषयावर केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय दिला आहे 'आठवणीतली गाणी'. हा विषय माझ्याकडं यावा याचं पुढं बसलेल्या काही जणांना हसू आलं असेल. प्रार्थनेच्या रांगेत सर मला मागच्या ओळीत उभं करायचे आणि सांगायचे, "तू नुसते ओठ हलव." मी तीन वर्षं ओठ हलवले. म्हणून आज मी गाणार नाही, घाबरू नका. ज्यांनी गायलं त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

माझ्या कानावर पडलेलं पहिलं गाणं आईचं. आपल्या पुसेगावात तेव्हा पिठाची गिरणी आली होती, पण लाइन असेल तेव्हा चालायची. त्यामुळं घराघरातलं जातं सुटलं नव्हतं. पहाटे आई दळायला बसायची. एक पाय दुमडलेला, एक लांब केलेला. त्या लांब केलेल्या पायावर डोकं ठेवून मी झोपायचो. जात्याची घरघर आणि आईची ओवी दोन्ही मला कानानं नाही, तिच्या पायातून ऐकू यायच्या. तुमच्यापैकी पुष्कळांचं बालपण असंच गेलं आहे, हे मला ठाऊक आहे.

तिच्या ओव्या बहुतेक भावाच्या. माझे मामा रिसोडकडं असायचे. पंचमीला तिला न्यायला यायचे. मामांची बैलगाडी, मामांचा पटका, मामांनी घेतलेलं लुगडं, सगळं ओवीत यायचं. प्रत्यक्षात मामांकडं बैलगाडी नव्हती, ते दुसऱ्याच्या गाडीत बसून यायचे. मी एकदा तसं म्हणालो, तर आई म्हणाली, "ओवीत असू दे की बाबा, तिथं काही पैसे पडत नाहीत."

मी सहावीत असताना मामा गेले. आईचं दळण महिनाभर मुक्यानं चाललं. नंतर ती पुन्हा गाऊ लागली, पण एक बदल झाला होता. ओवीत जिथं भावाचं नाव यायचं तिथं ती थांबायची. नुसतं जातं फिरायचं. तेवढी जागा गेली की पुढचे शब्द म्हणायची. ती रिकामी जागा मला आजही ऐकू येते.

आपण नामदेवांच्या नरसीच्या शेजारचे लोक. नामदेवांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हे आपल्याला शाळेत सांगितलं होतं आणि आपण ते अभिमानानं सगळीकडं सांगत असतो. पण मला ओढ जास्त जनाबाईची. ती आपल्याच भागातली, गंगाखेडची. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागतो, असं तिचे अभंग सांगतात. लहानपणी मला ती गोष्ट चमत्काराची वाटायची. आता वाटतं, ज्या बाईच्या जात्याला दुसरा हात लावायला कोणी नसतं, तिला गाण्यातच कोणीतरी बोलवावं लागतं. आई मामांना बोलवायची, जनाबाई विठ्ठलाला.

आता वडिलांचं सांगतो. वडील निजामाच्या राज्यात शिकलेले. तेव्हा शाळेत उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ ला आपला मराठवाडा मोकळा झाला, पण वडिलांची उर्दू त्यांच्याजवळच राहिली. आमच्या घरात एक रेडिओ होता. रेडिओला तेव्हा पोस्टातून परवाना काढावा लागायचा, आणि त्या परवान्याचं पुस्तक वडील सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत ठेवायचे. शेतातून आले की बाजेवर बसून रफीची गाणी ऐकायचे. मध्येच एखादा उर्दू शब्द आला की आवाज कमी करून मला अर्थ सांगायचे. अर्थ सांगेपर्यंत गाणं संपलेलं असायचं. एरवी ते माझ्याशी फार बोलत नसत. अभ्यास झाला का, बैलाला पाणी पाजलं का, एवढंच. गाण्यातल्या शब्दांचा अर्थ सांगताना मात्र ते माझ्याशी बरोबरीच्या माणसासारखं बोलायचे.

३१ जुलै १९८० च्या रात्री रफी गेले. दुसऱ्या दिवशी १ ऑगस्ट, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. मी चौथीत होतो आणि शाळेत माझं भाषण होतं. सकाळी मी घरात मोठ्यानं भाषण पाठ करत होतो. वडिलांनी रेडिओवर बातमी ऐकली, रेडिओ बंद केला आणि मला म्हणाले, "थोडं हळू म्हण." एवढंच. भाकरी न घेता शेतात गेले. आई म्हणाली, "काहून गेले रे तसेच?" मला सांगता आलं नाही. आपल्या घरात न आलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसासाठी कोणी उपाशी राहू शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता आपल्या वर्गाकडं येतो. बुधवारची रात्र आठवते का? आठ वाजता अमीन सयानींचा आवाज. कार्यक्रम १९५२ पासून रेडिओ सिलोनवर चालू होता, म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या तरुणपणापासून. आपल्या वेळेपर्यंत नाव बदलून सिबाका झालं होतं, पण आपण बिनाकाच म्हणायचो. शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर आपण दहा-बारा जण. सिलोन म्हणजे शॉर्टवेव्ह, आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. नेमकं वरच्या पायदानाचं गाणं सांगायच्या वेळी खरखर सुरू व्हायची, आणि मग दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत भांडण, की पहिलं कोणतं होतं. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी प्रत्येक आठवड्याची यादी लिहायचो. ती वही सरांच्या हाती लागली. सरांनी यादी शांतपणे वाचली आणि म्हणाले, "तिसऱ्या नंबरचं गाणं पहिलं यायला पाहिजे होतं." सर, तुम्ही आज इथं आहात. त्या दिवशी तुम्ही मारलं असतं तर मी विसरून गेलो असतो.

त्या ओट्यावरच्या मंडळींत खरा गाणारा एकच होता. नाव घेत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते मला त्याची परवानगी न घेता सांगायचं आहे. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसत होता.

त्याचं घर गावाच्या त्या टोकाला, आमचं या टोकाला. दोन्ही टोकांना भोंगे होते. आमच्याकडं एकादशीला भोंग्यावर प्रल्हाद शिंदे लागायचे, विठ्ठलाची गाणी. त्याच्याकडं चौदा एप्रिलला भोंग्यावर प्रल्हाद शिंदेच लागायचे, बाबासाहेबांची गाणी. एकच गळा. मला हे त्यानंच दाखवून दिलं. म्हणाला, "लेका, तुमचा आणि आमचा गाणारा एकच आहे, तुला माहीत नाही का?" मला माहीत नव्हतं. मी दोन्ही भोंगे ऐकत मोठा झालो होतो, पण दुसऱ्या टोकाच्या भोंग्याकडं मी कान देऊन ऐकलंच नव्हतं.

वामनदादा कर्डकांचं नावही मला त्यानंच सांगितलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकला आणि पुढं हजारो गाणी लिहून गावोगाव गायला. माझ्या मित्राच्या वडिलांना त्यातली कितीतरी तोंडपाठ होती. संध्याकाळी ते म्हणायचे आणि हा शिकायचा.

जानेवारी १९८७. दहावीचं वर्ष, शेवटचं गॅदरिंग. मी वर्गाकडून कार्यक्रमाचा मंत्री होतो. नावांची यादी माझ्याकडं. त्यानं दोन गाणी दिली होती, एक सिनेमातलं आणि एक वामनदादांचं. मी वामनदादांच्या गाण्यावर काट मारली. त्याला सांगितलं, "वेळ कमी आहे, सिनेमातलं म्हण." तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मग राहू दे." त्यानं दुसरंही गाणं म्हटलं नाही.

मित्रहो, मला तसं करायला कोणीही सांगितलं नव्हतं. कोणत्याही सरांनी नाही, गावातल्या कोणी नाही. गाव काय म्हणेल, हे मीच माझ्या मनानं ठरवून टाकलं होतं. आणि वेळ कमी नव्हती. कार्यक्रम वीस मिनिटं लवकर संपला, म्हणून आपण एक नाच दुसऱ्यांदा घेतला. तुम्हाला तो नाच आठवत असेल, आपण अजून त्यावर हसतो. मी हसलो की मला ती वीस मिनिटं आठवतात.

आमचं भांडण झालं नाही. तेच वाईट झालं. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. परीक्षा झाली, तो एसटीत लागला, मी नोकरीनिमित्त बाहेर गेलो. भेटलो की चहा घेतला, लेकरांची चौकशी केली. पण माझ्यासमोर तो परत कधी गुणगुणलासुद्धा नाही.

२००४ साली १५ मे रोजी वामनदादा गेले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. दुसरी बातमी वाचली त्या दिवशी मी त्याला पत्र लिहायला बसलो. दोन पानं लिहिली. पाकिटात घातली, पत्ताही लिहिला. ते पाकीट आज माझ्या खिशात आहे. वीस वर्षांत टाकायला पोस्टाची पेटी सापडली नाही असं नाही.

आई २०११ मध्ये गेली. तोपर्यंत माझ्या हातात मोबाइल होता. नातवाचं पहिलं पाऊल मी त्यात घेतलं, घराची वास्तुशांत घेतली. आईची एक ओवी घ्यावी असं सुचलं नाही. पुण्याकडं हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, लाखाहून जास्त ओव्या. आई गेल्यावर मी त्या ऐकत बसायचो. एक दिवस मराठवाड्यातल्या एका अनोळखी बाईच्या आवाजात आईची चाल सापडली. शब्द वेगळे, चाल तीच. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. पण त्या लाख ओव्यांत माझ्या आईची एकही नाही, कारण त्यांना सांगणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. आणि जिथं ती थांबायची ती जागा तर कोणाच्याच संग्रहात नाही.

म्हणून आज माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली तुम्हा सगळ्यांना. आपल्यापैकी काहींच्या आई, आत्या, मावश्या अजून आहेत. पंचमीच्या फेराची गाणी, पाळणे, ओव्या त्यांना येतात. घरी गेल्यावर त्यांना म्हणा, "माय, एक म्हण." त्या म्हणतील, आता आवाज राहिला नाही, आठवत नाही. थोडं थांबा. जातं नसेल तर हात गोल फिरवायला सांगा. हात फिरला की शब्द येतात, हे मी माझ्या आत्याकडं पाहिलं आहे. आणि मोबाइलचं बटण दाबायला विसरू नका.

दुसरी विनंती तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मित्राला. तुझ्या गाण्यावर काट मी मारली होती. वेळ कमी होती हे मी खोटं बोललो होतो. शाळेचा, सरांचा, गावाचा त्यात दोष नव्हता, माझा होता. ज्या वर्गासमोर तुला गाऊ दिलं नाही, त्याच वर्गासमोर मी माफी मागतो. माफ करायचं की नाही हे तुझं तू ठरव. त्यासाठी मी घाई करणार नाही.

पण संयोजकांनी मला दिलेल्या वेळेतली काही मिनिटं अजून उरली असावीत. ती माझी नाहीत, तुझी आहेत. गावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर तिथंच बस, मी खाली येऊन तुझ्या शेजारी बसतो. बाक एकच पुरेल आपल्याला.



(संपादकांची नोंद: वक्ते खाली उतरून तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. थोड्या वेळानं त्यांचे मित्र उठले आणि ध्वनिक्षेपक न घेता जागेवरूनच त्यांनी वामनदादा कर्डकांचं गीत म्हटलं. नियोजित भोजन वीस मिनिटं उशिरा सुरू झालं.)