आधी फाटा, मग महामार्ग

बुद्धिमान वाहतूक व्यवस्थेचा देशभरातला आढावा घेणे ही अध्यक्षीय भाषणाची रीत आहे. ती आज मी बाजूला ठेवतो. एक गोष्ट अनेक वर्षे मनात आहे आणि ती बोलायला पांढरकवड्याहून योग्य गाव नाही. आपल्याकडे वाहतुकीची यंत्रणा आखायला महामार्गापासून सुरुवात होते. तालुक्यापासून ती कधीच होत नाही.

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ या गावाला खेटून जातो. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, आणि नागपूरहून हैदराबादला निघालेल्या ट्रकची नोंद आता नाक्यानाक्यावर आपोआप होते. त्याच रस्त्याच्या फाट्यावर झरीजामणीकडची एसटी धरायला उभ्या असलेल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बाईला मात्र गाडी निघाली की फेरीच रद्द झाली, हे सांगणारे कोणी नसते. क्रम उलटा असू शकतो, हे इथल्याच जंगलात दिसले आहे. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ तेलंगणातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरांची ही वाटचाल त्याच्या गळ्यातल्या कॉलरमुळे टिपली गेली. तिथे वाघाच्या वाटा जाणून घेण्याची गरज आधी ठरली, साधन मागून आले. मला वाहतुकीत हाच क्रम हवा आहे.

यावर आपल्यातले काही जण म्हणतील की देशभर एकच साचा असला तर खर्च वाचतो आणि यंत्रणा एकमेकींशी जुळतात. हे म्हणणे मानके आणि गरजा यांची गल्लत करते. अमेरिकेने २००१ मध्ये नियम केला: केंद्राच्या महामार्ग निधीतून बुद्धिमान वाहतूक यंत्रणा उभारायची असेल तर त्या प्रदेशाने स्वतःचा आराखडा करावा. पोलीस, बससेवा, रस्तेखाते आणि आपत्कालीन सेवा यांनी एकत्र बसून कोणाला कोणती माहिती लागते आणि ती कोण देणार, हे लिहून काढावे. मानके देशाची, गरजा तिथल्या. इतके लांब जायलाही नको. नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात शहर बसना कॅमेरे बसले. चालकाला मिळणाऱ्या इशाऱ्यांच्या नोंदींवरून, अपघात घडण्याआधीच, धोक्याच्या जागा शोधायच्या असा तो विचार. नागपूरच्या रस्त्यांना नागपूरचीच नोंद उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वेगाने माणसे मरतात, म्हणून आधी कॅमेरे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये अशी यंत्रणा सुरू झाली आणि तिथे ती योग्यच आहे, कारण त्या मार्गावर ट्रॅक्टर, दुचाकी, बैलगाडी यांना मज्जावच आहे. इथे कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेली ट्रॉली आणि बंडी अंधारात याच रस्त्यावर चढते. मागून येणाऱ्या ट्रकचा वेग कॅमेरा मोजेल, पुढची बिनदिव्याची बंडी त्या ट्रकचालकाला दाखवणार नाही. इथे फाट्यावर उजेड हवा, आडरस्त्याने वाहन येताच महामार्गावर लुकलुकणारा इशारा हवा. वेगाचा कॅमेरा नको असे मी म्हणत नाही. तो यांच्या नंतर यावा.

पोडावर रेंज नाही, हातात स्मार्टफोन नाही, मग बसची वेळ कळवणार कशी, असेही विचारले जाते. म्हणूनच तर ॲप हे इथले उत्तर नव्हे. एसटीने २०१९ पासून गाड्यांचा माग ठेवणारी यंत्रणा बसवायला घेतली. गाडी कुठे आहे हे कळू शकत असेल, तर ते फाट्यावर पोचवणे हा साध्या निरोपाचा प्रश्न आहे. मराठीत आणि कोलामीत बोललेला निरोप, रेंज असलेल्या शाळेला, आशाताईला, फाट्यावरच्या चहाच्या टपरीला. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ज्या गाडीचा पत्ता लागत नाही, तिच्या अर्ध्या तिकिटाचा फाट्यावरच्या बाईला काय उपयोग? चुकलेल्या गाडीपायी दिवसाची मजुरी बुडते, दवाखान्याची वेळ टळते. ही हानी आपल्या कोणत्याही अहवालात मोजली जात नाही, याचे मला दुःख आहे आणि रागही आहे.

या परिषदेने एक छोटा गट नेमावा. काम कसे करायचे ते त्याचे त्याने ठरवावे. केळापूर आणि झरीजामणी या इथल्या दोन तालुक्यांपासून सुरुवात व्हावी. प्रत्येक फाट्यावर कोण उभे असते, कधी, कुठे जायला, एवढे त्या माणसांनाच विचारून लिहून घ्या. यंत्रखरेदीची निविदा त्यानंतर काढा.