करोनाची लक्षणे व शिक्षकांचे कर्तव्य
(केंद्रसंमेलनातील भाषण)



करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने दि. ५ मे २०२३ रोजी जाहीर केले; परंतु तो विषाणू नाहीसा झालेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत राज्यभर घरोघरी ताप व रक्तातील प्राणवायू मोजण्यात आला. त्यामागील तत्त्व आजही ध्यानात ठेवण्यासारखे आहे : रोग्याने दारी येण्याची वाट न पाहता धोका वेळीच ओळखावा.

ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी व थकवा ही या रोगाची सामान्य लक्षणे होत. काहींना जुलाब होतात, काहींची वासाची व चवीची जाणीव जाते. संसर्गानंतर २ ते १४ दिवसांत ती प्रकट होतात. साध्या पडशातही यांतील बरीच आढळत असल्यामुळे निश्चित निदान तपासणीनेच होते. बहुतेक रोगी विश्रांतीने बरे होतात. आजारी मुलास मात्र शाळेत बोलावू नये.

श्वास लागणे, छातीत सतत दुखणे, भ्रम होणे, जागे राहता न येणे, ओठ निळसर पडणे, यांपैकी एकही चिन्ह दिसताच रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. कित्येकदा धाप न लागताही प्राणवायू घटतो; मापकावर तो ९४ च्या खाली गेल्यास थांबू नये. पाच वर्षांवरील मूल स्वस्थ बसले असता मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर तेही धोक्याचे लक्षण होय. घड्याळ लावून पुरे एक मिनिट श्वास मोजणे कोणाही शिक्षकास साधेल.

साठीपुढील माणसे, गर्भवती आणि मधुमेह वा हृदयविकार असलेले यांनी लक्षणे सौम्य असतानाच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. ताप उतरला म्हणूनही निर्धास्त राहू नये. काहींची प्रकृती आठवड्याने बिघडते.

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांचे आईबाप हंगामात ऊसतोडीस परगावी जातात. घरी उरतात आजी-आजोबा आणि लेकरे. म्हातारी माणसे ‘उद्या बघू’ म्हणत दुखणे अंगावर काढतात, आणि त्यांना दवाखान्यात नेणारे कर्ते माणूस घरी नसते. म्हणून हजेरी घेताना घरच्यांची प्रकृतीही विचारावी, शंका येताच आशाताईंना कळवावे. एवढ्या विचारपुशीनेही एखाद्याचा जीव वाचू शकेल.