ट्रकचे ॲव्हरेज पडले तर आधी गाडी तपासा, मग ड्रायव्हर

(खात्याच्या वाहनांवर काम करणाऱ्या रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रेल्वे म्हटली की लोकांना इंजिन आणि स्टेशन आठवते, टपाल म्हटले की पोस्टमन. पण रुळांचे सामान साईटवर नेणारा ट्रक आणि पहाटे टपालाच्या थैल्या घेऊन निघणारी मेल मोटर चालवणारेही आपलेच कामगार आहेत. आज त्यांच्या एका प्रश्नावर बोलायचे आहे. महिनोन्महिने लिटरला ५ किलोमीटर देणारी गाडी एखाद्या पंधरवड्यात ४ वर येते. ऑफिसात लॉगबुक पाहिले जाते आणि ड्रायव्हरच्या हातात मेमो पडतो की जादा डिझेलचा खुलासा करा, पगारातून वसुली का करू नये? तोवर गाडीचे बॉनेट कुणी उघडलेलेही नसते.

आमचे म्हणणे सरळ आहे. ॲव्हरेज हळूहळू उतरते तेव्हा बहुधा झीज असते. ते अचानक पडते तेव्हा काहीतरी तुटलेले, चिकटलेले, गळणारे किंवा चुकीचे मोजलेले असते. चोरी हेही एक कारण असू शकते आणि चोरी सिद्ध झाली तर युनियन तिच्यावर पांघरूण घालणार नाही. पण बाकीची कारणे न तपासता चोरी गृहीत धरणे हा अन्याय आहे. म्हणून तपासणीचा क्रम आपल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा.

पहिला प्रश्न : ॲव्हरेज खरोखर पडले आहे का? समजा, मागच्या वेळी टाकी काठोकाठ भरली नव्हती, ८ लिटर कमी गेले. गाडी २५० किलोमीटर चालली आणि तिने ५० लिटरच जाळले. या वेळी टाकी गळ्यापर्यंत भरली, म्हणजे ५८ लिटर बसले. कागदावर ॲव्हरेज आले ४.३. गाडी मात्र ५ चेच देते आहे. म्हणून एका भरण्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. त्याच पंपावर, सपाट जागी, टाकी त्याच खुणेपर्यंत भरून सलग तीन-चार वेळा मोजायचे. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर तिथे ५ लिटरचे शिक्क्याचे माप ठेवलेले असते. ते मागून मोजून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

किलोमीटरही तपासा. जुन्या गाडीची मीटरची केबल तुटली किंवा अडकू लागली तर किलोमीटर बुडतात. मागे ९.००-२० च्या जागी १०.००-२० टायर बसवले तर चाक मोठे होते, तेवढ्याच अंतराला फेरे कमी होतात आणि मीटर शंभरामागे सुमारे तीन-साडेतीन किलोमीटर कमी दाखवतो. डिझेलचा थेंबही जादा जळलेला नसतो, पण ॲव्हरेज उतरलेले दिसते.

दुसरा प्रश्न : काम बदलले का? सपाटीवरची गाडी घाटात लावली, लोड वाढला, पावसाने रस्ता उखडला, तर ॲव्हरेज उतरणारच. आणखी एक गोष्ट लॉगबुकात कधी येत नाही, ती म्हणजे उभ्या गाडीचे चालू इंजिन. मध्यम ट्रक उभ्या जागी तासाला साधारण एक ते दोन लिटर डिझेल पितो. साईटवर ब्लॉक मिळेपर्यंत किंवा प्लॅटफॉर्मच्या दारात थैल्या येईपर्यंत इंजिन चालू ठेवले, तर लिटर वाढतात, किलोमीटर शून्य. शक्य तिथे इंजिन बंद करा. करता येत नसेल तर थांबल्याची वेळ आणि कारण लिहून ठेवा.

तिसरा प्रश्न : गळती आहे का? रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी खाली ओला डाग पाहा. टाकीचे झाकण, पाइपांचे सांधे आणि नोझलकडून परत येणारी रिटर्न लाइन पाहा. गळती बाहेर दिसत नसेल तर डिपस्टिक काढा. ऑइल वाढलेले आणि पातळ लागले, त्याला डिझेलचा वास आला, तर डिझेल आतल्या आत ऑइलमध्ये उतरते आहे. अशी गाडी चालवू नका, बेअरिंग जातील. टाकीला कुलूप आहे का आणि रात्री आवारात पहारा असतो का, हेही याच वेळी नोंदवा. चोरी बाहेरचाही करू शकतो.

चौथा प्रश्न : गाडी ओढ घेते का? टायरमधली हवा गेजने मोजा, लाथ मारून नव्हे. त्याहून महत्त्वाचा ब्रेक. आमच्या एका शाखेत घाटातल्या ट्रकचे ॲव्हरेज ब्रेकचे काम झाल्यापासून लिटरमागे एक किलोमीटरने पडले. ड्रायव्हरला वसुलीचा मेमो आला. शाखेने संयुक्त तपासणी मागितली. ड्रायव्हर, फिटर आणि सुपरवायझर तिघांनी मिळून पंधरा किलोमीटर गाडी चालवली, ब्रेक जेमतेम वापरला. उतरल्यावर मागच्या एका ड्रमजवळ हात नेववेना, बाकीचे कोमट होते. जॅक लावला तर चाक हाताने फिरेना. लायनिंग बसवताना ॲडजस्टर जादा आवळला गेला होता. तो सैल केला आणि पुढच्या तीन भरण्यांत ॲव्हरेज जागेवर आले. मेमो मागे घेतला गेला. हेही ध्यानात घ्या की तो ड्रम तसाच तापत राहिला असता तर घाटात डिझेलच नव्हे, माणूसही गेला असता.

पाचवा प्रश्न इंजिनचा. इथे धूर बोलतो. चढावर दाट काळा धूर असेल तर हवा कमी पडते किंवा नोझल नीट फवारत नाही. आधी एअर क्लीनर पाहा, मग टर्बोचा होज फाटला आहे का ते, आणि शेवटी नोझल. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर असेल तर नोझल आणि पंपाचे टायमिंग पाहा. तापमानाचा काटा वर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे आणि थंड इंजिन डिझेल जादा खाते. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच स्लिप होतो आहे.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत एक नवी भर पडली. यातल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल घेते. शहरातल्या थांबत-थांबत जाणाऱ्या छोट्या फेऱ्यांत तो नीट तापत नाही, पुन्हा पुन्हा तुंबतो. मेल मोटरवाल्या साथींनी डॅशबोर्डावरचा त्याचा दिवा दुर्लक्षू नये. अशा गाडीची तपासणी स्कॅनर लावूनच करायला सांगावी.

आता कागदाविषयी. बिघाड तोंडी सांगू नका. डिफेक्ट रजिस्टरमध्ये तारीख आणि किलोमीटरसह लिहा व सही घ्या. रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम आणि टपालात १९६५ चे सीसीएस (सीसीए) नियम, दोन्हींत पगारातून वसुली ही शिक्षाच आहे. कामगाराच्या हलगर्जीपणामुळे किंवा हुकूम मोडल्यामुळे नुकसान झाले असेल तरच ती लागू होते. म्हणून खुलासा मुदतीत द्या, शाखेला दाखवून द्या, आणि त्यात संयुक्त तपासणीची लेखी मागणी करा. माफीनाम्यावर घाईने सही करू नका.

वरचा दबाव आला म्हणून ॲव्हरेज वाढवायला घाटात गाडी न्यूट्रलवर सोडू नका. इंजिनची धरण सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो. वाचवलेल्या दोन लिटरची किंमत जिवाने मोजावी लागते.

आमच्या मागण्या चार आहेत. संयुक्त तपासणीशिवाय वसुलीचा मेमो नको. ॲव्हरेज गाडी, रस्ता आणि ऋतू पाहून ठरवावे. लॉगबुकात थांबल्याच्या वेळेचा रकाना हवा. आणि कंत्राटी ड्रायव्हरलाही हाच न्याय मिळावा. त्याला आपल्या नियमांचे संरक्षण नाही, त्याच्या हातात तर मेमोही पडत नाही, सरळ घरी बसवतात. तो आपल्या शेजारच्याच सीटवर बसतो, हे विसरू नका.

खात्याचे डिझेल जनतेच्या पैशाचे आहे, ते वाचले पाहिजे. पण ते वाचते पान्याने आणि गेजने, मेमोने नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!