घरातली लेखा, शाळेतली लेखा

सुप्रिया केळकर यांचं नाव आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. त्या अमेरिकेत मिशिगनमध्ये वाढल्या आणि इंग्रजीत मुलांसाठी लिहितात. २०१७ साली आलेल्या त्यांच्या 'अहिंसा' या कादंबरीत १९४२ची चळवळ आहे आणि त्या चळवळीत उतरलेली एका दहा वर्षांच्या मुलीची आई आहे. त्यामागे प्रेरणा होती लेखिकेच्या पणजीची, म्हणजे नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांची. स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे लोकसभेच्या सदस्य.

पण मला अधिक जवळची वाटते ती २०२० सालची 'अमेरिकन ॲज पनीर पाय'. लेखा दिवेकर ही मिशिगनमधल्या लहानशा गावात वाढणारी मुलगी. तिच्या कपाळावर टिकलीसारखी जन्मखूण आहे, म्हणून शाळेत जाताना ती केस पुढे ओढून पिना लावते. घरी हिंदी सिनेमे आवडीनं बघणारी, आपलं जेवण चवीनं जेवणारी ही मुलगी शाळेत कुणी चिडवलं तर गप्प बसते. मग शेजारी भारतातून अवंतिका राहायला येते. तिला चिडवलं की ती तिथल्या तिथे उत्तर देते. लेखाला आधी तिची लाजच वाटते. ही लाज लेखिकेनं लपवली नाही, म्हणून पुस्तक खरं वाटतं.

हे वाचताना मला मिशिगनपेक्षा आपलं पुण्याजवळचं उरवडे जास्त दिसत होतं. पिरंगुट-उरवड्याच्या पट्ट्यात कारखाने आले, त्यांच्यामागून बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाड्यातून कुटुंबं आली. घरी भोजपुरीत तोंडाला खळ नसलेली पोर वर्गात नाव विचारलं तरी खाली बघते. लातूरकडच्या पोराच्या हेलाला बाकीची हसतात. अमेरिकेतल्या आपल्या नातवंडांना कुणी हसलं तर आपला जीव तुटतो. इथं हसणारी मुलं आपलीच असतात, आणि ते आपल्या कानावरही येत नाही.

म्हणून लेखाची गोष्ट मराठीत यावी, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोचावी असं मला मनापासून वाटतं. तोवर गुरुजींनी, बाईंनी ती आपल्या शब्दांत वर्गाला सांगावी. सांगून झाली की नव्यानं आलेल्या मुलाला त्याच्या गावाकडची एखादी गोष्ट विचारावी. त्याला येते त्या भाषेत सांगू द्यावी, आणि बाकीच्या वर्गानं ती पूर्ण ऐकावी.